नारोशंकराची घंटा

पावसाळ्यात गोदावरी चढू लागली की नाशिककर दोन खुणांवर नजर ठेवतात. एक दुतोंड्या मारुती आणि दुसरी नारोशंकराची घंटा. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याला लागले, ही बातमी तासातासाला गावभर फिरते. मारुती बुडाला की कोणी तरी म्हणतोच, "आता घंटेला पाणी लागणार!" १९६९च्या सप्टेंबरातील महापुराच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकल्या. २०१६च्या ऑगस्टमधला पूर स्वतः पाहिला. त्या दिवशी जुन्या नाशकातील आमच्या मोहल्ल्यांतही हीच मापे चालू होती. बागवानपुऱ्यातली खाला असो की पंचवटीतले गुरुजी, पुरापुरती तरी ती घंटा दोघांचीही असते.

ही घंटा लढाईतील जिंकलेली वस्तू आहे, असे परंपरा सांगते. मात्र रोज तिच्याखालून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आम्ही मूळचे मालेगावचे. बी.एड. झाल्यावर नाशिकच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत लागलो आणि इतिहास आमच्या वाट्याला आला. उर्दू शाळांत तासाला 'घंटा' म्हणतात. तेव्हा तारीखच्या घंट्यात एकदा आम्ही नारोशंकराच्या घंट्याचा विषय काढला, आणि सातवीची मुले हसली. हसण्यावारी गेलेला विषय मुलांच्या लक्षात राहतो, हा आमचा अनुभव आहे. म्हणून पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पंधरा-वीस मुलांना घेऊन आम्ही पायीच गोदाकाठी गेलो.

मंदिराचे खरे नाव रामेश्वर. पण ज्याने बांधले त्याच्या नावानेच ते ओळखले जाते. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली ते बांधले. काळा पाषाण, त्यावर दाटीवाटीने कोरलेले प्राणी, मोर, मूर्ती, आणि भोवती किल्ल्यासारखा तट. तटाच्या कोपऱ्यांवर छत्र्या आहेत. त्यांतली एक गोदावरीच्या पुरात गेली. नदीकडच्या दर्शनी बाजूला, प्रवेशद्वाराच्या वर, ती मोठी कांस्याची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे इसवी सन आहे.

मुलांना आम्ही एवढेच विचारले, "मंदिर १७४७चे, घंटा १७२१ची. आता सांगा." वजाबाकी करायला वेळ लागला नाही. घंटा मंदिरापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठी. म्हणजे ती या मंदिरासाठी ओतलेली नाही. शिवाय त्या काळी आपल्याकडे मंदिराच्या वस्तूवर शक लिहीत किंवा संवत लिहीत. इसवी सन कोण लिहील? मागच्या रांगेतला एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, ये गिरजे का घंटा है क्या?"

इतिहासाची अख्खी पद्धत त्या एका प्रश्नात होती. आम्ही त्याला शाबासकी दिली आणि घाटाच्या पायरीवर बसून मुलांना वसईची हकीकत सांगितली.

वसई हे मुळात गुजरातच्या सुलतानाचे ठाणे. एकीकडून मुघल हुमायून आणि दुसरीकडून पोर्तुगीज अशा कात्रीत सापडलेल्या सुलतान बहादूरशहाने १५३४च्या डिसेंबरात तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत त्यांनी तेथे दगडी तटाचे शहरच उभे केले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचे चर्च, प्रत्येक चर्चला मनोरा आणि मनोऱ्यात घंटा. समुद्रावर त्यांचा दरारा असा की सुरतेहून हजला निघालेल्या जहाजांनाही त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यावा लागे. परवाना नसला तर जहाज जप्त. १६१३ साली त्यांनी बादशहा जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाजही धरले. तेव्हा त्यांचा जाच कोकणातल्या हिंदूंनाच होता असे नाही, हज करणाऱ्यांनाही होता.

१७३७च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मोहीम सुरू झाली. पेशवे बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा तिचे सेनापती. माहीम, तारापूर अशी ठाणी पडत गेली आणि १७३९च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. तटाखाली सुरुंग खणायचे, ते उडवायचे, पडलेल्या भगदाडातून आत घुसायचे आणि वरून होणाऱ्या माऱ्यात माणसे गमवायची, असे हे तीन महिने चालले. सेंट सेबॅस्टियन बुरुजाजवळचा तट उडाल्यावर पोर्तुगीजांचा धीर खचला आणि १६ मे १७३९ रोजी त्यांनी शरणागतीचा तह केला. चिमाजी अप्पांनी त्यांना बायकामुलांसह, शस्त्रांसह आणि मानाने बाहेर पडू दिले. मराठ्यांची हजारो माणसे पडलेली असताना असा तह करायला मोठे मन लागते. हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले, कारण लढाईची गोष्ट सांगताना शेवटचा दिवस घाईने उरकायची सवय आम्हा शिक्षकांनाही आहेच.

या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी घाटावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्याच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि मरियमेची बाळासह आकृती आहे. भीमाशंकरलाही तसलीच एक आहे. नाशिकची घंटा याच कुटुंबातली मानली जाते आणि तिच्यावरचे साल त्याला पुष्टी देते. वसईच्या ज्या मनोऱ्यांतून अशा घंटा निघाल्या, ते आज झाडाझुडपांत मोडून पडले आहेत. घंटा मात्र वाजत्या राहिल्या.

येथे एका शब्दापाशी थोडे थांबतो. मराठीत शत्रूला 'गनीम' म्हणतात आणि शिवरायांच्या युद्धपद्धतीला 'गनिमी कावा'. अरबीत 'ग़नीमत' म्हणजे लढाईत हाती आलेला माल. सूरह अन्फालमध्ये त्याच्या वाटणीचा नियम आहे; पाचवा हिस्सा अल्लाह आणि रसूल यांचा, म्हणजे आप्त, यतीम, मिस्कीन, मुसाफिर यांच्यासाठी, आणि बाकीचे चार हिस्से लढणाऱ्यांचे. जो माल लुटतो तो गनीम. फारसीतून मराठीत येताना त्याचा अर्थ नुसता 'शत्रू' एवढाच उरला. गंमत अशी की मुघल मराठ्यांना गनीम म्हणत आणि मराठेही आपल्या शत्रूला तोच शब्द लावीत. शब्दाला कोणाची बाजू नसते. आमची मुले घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलतात; असा एखादा शब्द दोन्हीकडे भेटला की त्यांचे डोळे चमकतात.

मग एका मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला. चर्चचा घंटा उचलून आणणे बरोबर होते का? आम्ही सरळ उत्तर दिले नाही. त्याला कुर्तुब्याची गोष्ट सांगितली. ९९७ साली अंदलुसचा हाजिब अल-मन्सूर याने स्पेनच्या उत्तर टोकावरील सांतियागो शहरावर स्वारी केली आणि तिथल्या मोठ्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कुर्तुब्याला आणल्या. जामा मशिदीत त्या उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. १२३६ साली राजा फर्नांदो याने कुर्तुबा जिंकले, तेव्हा त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत सांतियागोला पाठवल्या. दोनशे एकोणचाळीस वर्षांचा हिशेब एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. मोरोक्कोतील फेज शहराच्या करवीयीन मशिदीत तर अंदलुसमधून आणलेल्या चर्चच्या घंटांचे दिवे अजून लटकत आहेत. ज्यांना वसईच्या घंटेवर बोट ठेवायचे आहे त्यांनी फेजलाही जाऊन यावे, आणि फेजचा अभिमान असणाऱ्यांनी नाशिकला. मुलगा थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "मतलब सब ने किया." आम्ही त्यात काही भर घातली नाही.

घंटा लढाईत इतकी हवीहवीशी का होती, याचे एक साधे कारण धातूत आहे. नाशिकच्या भांडी बाजारात तांबे-पितळेची दुकाने रांगेने आहेत. तिथल्या कोणाही जुन्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. घंटेचे कांसे म्हणजे साधारण ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील. कथील जास्त असल्याने नाद चांगला येतो, पण धातू ठिसूळ होतो. तोफेच्या कांस्यात कथील निम्म्याने कमी, म्हणजे दहा भागांच्या आसपास. घंटा वितळवली, त्यात आणखी तांबे घातले, की तोफेचा माल तयार. म्हणून युरोपात शहर पडले की घंटांवर तोफखान्याची नजर जाई. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीने युरोपभरच्या दीड लाखाहून अधिक घंटा उतरवून भट्टीकडे रवाना केल्या. वसईच्या घंटांनाही हीच वाट होती. त्या देवळात टांगल्या गेल्या म्हणून वाचल्या.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारी घडले. १५४९ साली अहमदनगरात (आता अहिल्यानगर) निजामशाहीच्या मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाम करणाऱ्या उस्तादाने जी 'मलिक-ए-मैदान' तोफ ओतली, तिचा धातू जवळपास घंटेचाच आहे. तांबे ऐंशी, कथील वीस. हाताने ठोकले तर ती घणघणते. चौदा फुटांहून थोडी लांब आणि वजन सुमारे पंचावन्न टन. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. हत्तीचे वजन नावेने करून तुळापूरला नाव मिळवून देणारा मुरार जगदेव तो हाच. तुर्की वंशाचा कारागीर, निजामशाहीचे नाव, हिंदू सेनापती, आदिलशाहीचा बुरूज, आणि १६८६ साली विजापूर घेतल्यावर त्याच तोफेवर आलमगीरचा आणखी एक लेख. इंग्रजांना ती विलायतेला न्यायची होती, पण रस्ते नव्हते. पुढे १८५४ साली सरकारी अडगळ विकण्याचा हुकूम सुटला आणि मलिक-ए-मैदानचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत वरची बोली दीडशे रुपये! टनाला पावणेतीन रुपये पडतात. मामलेदाराला ही रक्कम फारच थोडी वाटली; लोक या तोफेला मानतात, असेही त्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. एवढ्या बादशहांच्या नावांमध्ये त्या मामलेदाराचे काम कोणी कोरून ठेवलेले नाही. आम्हाला मात्र तोफेपेक्षा तोच अधिक आठवतो.

आता नारोशंकराकडे परत येऊ, कारण मुलांचा खरा प्रश्न अजून बाकीच होता. मघाच्याच मुलाने घाटावरून उठता उठता विचारला, "सर, सब ठीक है। लेकिन इस में हमारा क्या है?"

त्याचा रोख आम्हाला समजला. घंटा ख्रिश्चनांची, मंदिर हिंदूंचे, जिंकणारे मराठे. मुसलमान पोराने हे का पाठ करायचे? पाठ्यपुस्तक शिकवताना हा प्रश्न आमच्या वर्गात न बोलता रोजच बसलेला असतो. त्या दिवशी तो बोलला गेला, एवढेच.

आम्ही म्हणालो, "नारोशंकर कौन था, मालूम है? मालेगाव का किला उसी ने बांधा।"

हे ऐकून मुलांत खळबळ उडाली. आमच्या वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुलांची आजोळे मालेगावची आहेत. ईदला, लग्नाला, सुट्टीत ती तिकडेच जातात. मोसम नदीच्या काठचा भुईकोट किल्ला त्यांनी पाहिलेला असतो, पण तो कोणी बांधला हे विचारायची वेळ कोणावर येत नाही.

नारोशंकर दाणी हे पेशवाईतले मोठे मुत्सद्दी सरदार. बुंदेलखंडात १७४२ ते १७५७ ते झाशीचे सुभेदार होते. झाशीच्या किल्ल्याचा विस्तार त्यांनी केला. पानिपतच्या वेळी दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता. इब्राहिमखान गारदी पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफा चालवत होता, तेव्हा नारोशंकर दिल्ली सांभाळत होते. १७६१च्या जानेवारीत पराभवाची बातमी आल्यावर त्यांनी दिल्ली सोडली. त्यांची जहागीर मालेगावच्या बाजूला. तिथे त्यांनी १७४० साली भुईकोट बांधायला घेतला आणि ते काम पंचवीस वर्षे चालले. त्या कामासाठी सुरतेकडून आणि उत्तर हिंदुस्थानातून कारागीर आणि मजूर आले. त्यांत मुसलमान पुष्कळ होते आणि ते तेथेच राहिले. मालेगावच्या मुस्लिम वस्तीची सुरुवात त्यांच्यापासून सांगितली जाते. आमच्यासारखी विणकरांची घराणी त्यानंतर, १८५७च्या धामधुमीनंतर हळूहळू उत्तरेतून आली. म्हणजे आम्ही आलो तेव्हा मालेगावात अजान देणारे आधीपासून होते, आणि ते तेथे होते कारण एका मराठी सरदाराला किल्ला बांधायचा होता.

तारखा पाहा. १७४० ते १७६५ किल्ल्याचे काम चालू आहे आणि मधेच, १७४७ साली, नाशकात मंदिर उभे राहते. एकच धनी. एकीकडे त्याचे नाव लागलेली पोर्तुगीज घंटा, दुसरीकडे त्याच्या चुना-दगडावर राबणारे आमचे लोक. मुलांना एवढे सांगितल्यावर पुन्हा 'हमारा क्या है' हा प्रश्न आला नाही. एका मुलीने मात्र विचारले की त्या कारागिरांची नावे कुठे लिहिली आहेत का. आम्ही मान हलवली. तिला ते आवडले नाही, आणि तिचे बरोबरच होते.

किल्ल्याचा शेवटही मुलांना सांगायला हवा होता. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदी होती. मेच्या मध्यावर कर्नल मॅकडोवेलच्या इंग्रज फौजेने वेढा घातला. काहीशे अरबांनी तोफा, सुरुंग, हल्ले हे सगळे जवळपास महिनाभर झेलले आणि इंग्रजांची दोनशेच्या आसपास माणसे जखमी किंवा ठार केली. अखेर जूनमध्ये किल्ल्यातील दारूच्या कोठारावर गोळा पडून मोठा स्फोट झाला, तटाचा भाग खंदकात कोसळला आणि अरबांनी बोलणी लावली. गोष्टीचा सर्वांत रंगतदार भाग इथे आहे. शरणागतीचे जे पत्र इंग्रजांकडून लिहून दिले गेले, त्याची भाषा अशी पडली की अरबांच्या फायद्याचे जे असेल ते केले जाईल, असा अर्थ निघत होता. इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात तसे नव्हते. वाद झाला. एल्फिन्स्टनने मात्र कागदावर जो अर्थ निघतो तोच धरला आणि अरबांना कैद न करता सुरतेमार्गे मायदेशी जाऊ दिले. भाषेचा मास्तर म्हणून सांगतो, व्याकरणाने एवढी माणसे वाचवल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. शुद्धलेखनाला कंटाळणाऱ्या मुलांना आम्ही ही गोष्ट दरवर्षी सांगतो.

त्याच १८१८च्या धामधुमीत नाशिकची दुसरी एक वस्तू मात्र गेली. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा म्हणून सांगितला जाणारा, 'नासक' नावाने जगभर ओळखला जाणारा हिरा पेशव्यांच्या खजिन्यातून इंग्रजांच्या हाती लागला. १८३७ साली लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला, ७,२०० पौंडांना. पुढे तो हातोहाती फिरला, अमेरिकेला गेला, पुन्हा पुन्हा कापला गेला, नव्वद कॅरटांच्या जवळचा होता तो त्रेचाळीसवर आला. हिरा खिशात मावतो, म्हणून त्याला मालक फार. घंटा कोणाच्या खिशात मावत नाही.

लढाईतल्या वस्तू जमवण्याचा शौक आज तर फारच वाढला आहे. टिपू सुलतानची शयनगृहातील तलवार २०२३च्या मे महिन्यात लंडनच्या लिलावात एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली, म्हणजे एकशेचाळीस कोटी रुपयांहून अधिक. आमच्या काही सहकाऱ्यांना त्या बातमीचा अभिमान वाटला. आम्हाला वाटले, ती तलवार आता कोणाच्या तरी काचेच्या पेटीत राहील आणि श्रीरंगपट्टणच्या पोराला ती पाहायची झाली तर फोटोच पाहावा लागेल. नारोशंकराच्या घंटेला कोणी किंमत लावलेली नाही. ती पावसात भिजते, उन्हात तापते, कबुतरे तिच्यावर बसतात आणि कुंभमेळ्याची गर्दी खालून जाते. तिची नीट देखभाल व्हावी, तिच्याजवळ १७२१ आणि वसई यांचा उल्लेख असलेली चार ओळींची पाटी मराठीत आणि शक्य तर उर्दूतही लागावी, असे मात्र आम्हाला मनापासून वाटते. कोणाला हे जास्तीचे वाटेल. पण नाशिक मुघल अमदानीत गुलशनाबाद होते, तेव्हा उर्दूची एक ओळ गोदाकाठाला अगदीच परकी वाटू नये.

परत निघताना गुरुजींनी मुलांना प्यायला पाणी दिले आणि विचारले, "कुठली शाळा?" आम्ही नाव सांगितले. ते म्हणाले, "पुन्हा या, पण पावसाळ्यात नको." मुलांनी वह्यांत घंटेचे चित्र काढले होते. बहुतेकांनी साल उर्दू आकड्यांत लिहिले, ۱۷۲۱. एकाने घाईत त्याचे १७१२ करून ठेवले होते. त्याला आम्ही घाटावरच परत पाठवले, नीट पाहून ये म्हणून. तो धावत गेला, मान वर करून बराच वेळ उभा राहिला, आणि येताना म्हणाला की सुट्टीत मालेगावला गेला की किल्ल्याच्या दगडांवर कुठे काही लिहिले आहे का, ते तो बघणार आहे. किल्ल्यात आता शाळा भरते, तेव्हा आत जायला अडचण पडू नये.